अर्ध्या लावलेल्या फळ्या

आमच्या चौकात अमावस्येला कोणी ना कोणी उतारा ठेवायचं. लिंबू, गुलाल, भात, नारळ. त्यातला नारळ उचलून, दगडावर फोडून मी खोबरं खाल्लेलं आहे. लहानपणी, पैज लावून. काही झालं नाही, पोटसुद्धा दुखलं नाही. तेव्हापासून भूतखेत, करणी, अंगात येणं वगैरे कोणी काढलं की मला हसू येतं. या सदरातले अनुभव मी वाचते ते दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं म्हणून, आणि वाचता वाचता मनात म्हणते, 'बाई, आधी बीपी तपासून घे.' तेव्हा आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर तोच सल्ला मला द्यायचा हक्क तुम्हाला आहे. तपासलंय. नॉर्मल आहे.

मी कोल्हापूरची. पापाची तिकटीकडून गंगावेशीला जो रस्ता जातो, त्यावर डाव्या हाताला आमचं बॅगांचं दुकान. आता बॅगा, आजोबांच्या काळात पत्र्याच्या ट्रंका. लग्नात मुलीला ट्रंक द्यायची पद्धत होती तोवर बरं चाललं. मग आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सुटकेस आणल्या, आणि मी चाकाच्या बॅगा. मला भाऊबहीण नाही. आई मी कॉलेजात असतानाच गेली. लग्न केलं नाही... का ते विचारू नका, सगळ्यांचं विचारून झालंय. दुकानाच्या वरच घर. दुकानात मी आणि आबा, घरात मी आणि आबा.

गंगावेशीच्या पुढं तोच रस्ता पंचगंगेला जातो आणि नदीकाठी स्मशान. म्हणजे निम्म्या गावाच्या अंत्ययात्रा आमच्या दारावरून. टाळांचा आवाज लांबून आला की रस्त्यावरचे दुकानदार एकामागून एक शटर अर्ध्यावर ओढतात, यात्रा पुढं गेली की परत वर. आबा या बाबतीत फार कडक. हातात गिऱ्हाईकाची बॅग असली तरी ती खाली ठेवायची, आकडीनं शटर अर्धं ओढायचं, डोक्यावरची टोपी काढायची आणि पायरीवर हात जोडून उभं राहायचं. कोण गेलंय ही चौकशी नंतर. एकदा एक बाई सुटकेसची चेन ओढून बघत होत्या. आबांनी मधेच शटर ओढलं तशा त्या भडकल्या.

"अवो, माझी यष्टी सुटंल की!"

"सुटू दे," आबा म्हणाले, "त्या माणसाची कवाच सुटल्या."

आजोबांच्या वेळी शटर नव्हतं. लाकडी फळ्या असायच्या, खाचेत एकेक सरकवून दुकान बंद करायचं. तेव्हा यात्रा आली की निम्म्या फळ्या लावायच्या, असं आबा सांगायचे.

आबा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. मी पण पॉझिटिव्ह होते, दुसऱ्याच वॉर्डात. मला फोनवर कळलं. ज्यांनी त्यांना नेलं आणि अग्नी दिला, त्या माणसांची नावंही मला माहीत नाहीत. त्यांचे उपकार आहेत, दुसरं काय म्हणणार. अ‍ॅम्ब्युलन्स कुठल्या रस्त्यानं गेली तेही ठाऊक नाही. आणि आमच्या रस्त्यानं गेली असली तरी काय? लॉकडाऊन. सगळी दुकानं कुलपात. ज्या माणसानं आयुष्यभर येईल त्याच्यासाठी शटर ओढलं, त्याच्यासाठी एकही शटर अर्ध्यावर आलं नाही. अर्ध्यावर यायला ते आधी वर असायला लागतं.

लोक म्हणायचे, सगळ्यांचंच तसं झालं, मनाला लावून घेऊ नको. बरोबर आहे. पण मला रडू आलंच नाही, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आबा गेले हे मला कळत होतं, पण ते इथून निघालेच नाहीत असं वाटत राहायचं. भूत वगैरे म्हणत नाही मी! चहा टाकताना हात आपोआप दुसऱ्या कपाकडे जायचा. जिन्यात कोणाचं पाऊल वाजलं की मान वळायची. घरात कोणी नाही आणि तरी कोणाची तरी वाट बघणं चालूच... एकटं राहणाऱ्याला कळेल. फार वाईट असतं ते. माणूस गेलाय हे कबूल करायलासुद्धा त्याला दारापर्यंत पोचवावं लागतं, आणि मी आबांना कुठंच पोचवलं नव्हतं.

गेल्या वर्षी आमच्या रस्त्यावरच्या व्यापाऱ्यांनी ठरवलं की दसऱ्याला जुन्या दुकानांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं, तालमीच्या वरच्या हॉलमध्ये. काम माझ्या गळ्यात पडलं. "शोभाकडं स्कॅनर हाय, आन् तिला घरात काम तरी काय?" असं भर मीटिंगमध्ये बोलले ते बाळूकाका मगदूम. आमच्या शेजारी त्यांचं उदबत्ती-कापराचं दुकान, आणि ते आबांचे जिवाभावाचे दोस्त. तोंडानं महाफटकळ माणूस. ते म्हणाले ते खरंच होतं, म्हणून मी जास्तच चिडले.

पण काम करायला घेतलं आणि रमले. त्या काळात फोटोवाला स्टँडचा कॅमेरा घेऊन यायचा तो बहुधा दसऱ्याला नाहीतर पाडव्याला, दुकानाची पूजा झाली की. मालक मधे, घरातले पुरुष बाजूला, पोरं पुढं, आणि असेल नसेल तेवढा माल बाहेर टांगलेला. टोपीच्या दुकानात टोप्यांची तोरणं लावलेली, आणि मालक स्वतः दुकानातली सगळ्यात उंच टोपी घालून उभे. चहाच्या हॉटेलच्या फोटोत कपबशी घेतलेला एक गृहस्थ आहे, त्याला हॉटेलवाल्यांच्या घरात कोणीच ओळखत नाही. अस्सल कोल्हापुरीच असणार, फोटो निघतोय म्हटल्यावर जाऊन उभा राहिला! आमच्या आजोबांनी ट्रंकांचा मनोरा रचलाय, आणि स्वतः दारातल्या पाटीपुढं असे ऐटीत उभे राहिलेत की दुकान कशाचं ते वाचताच येत नाही. मनोऱ्याच्या सगळ्यात वरच्या ट्रंकेवर आबा. चार-पाच वर्षांचे, तोंड वाकडं करून बसलेले.

स्टोव्ह दुरुस्तीचं एक दुकान होतं, ते कधीच बंद पडलं. त्यांची मुलगी कोडोलीत दिलेली, आता पार म्हातारी झालीय. तिच्याकडे फोटो आहे असं कळल्यावर मी एसटीनं कोडोलीला गेले. आजींनी पेटीतून फडक्यात बांधलेला फोटो काढला. दुकानापुढं वडील उभे आणि त्यांच्या पायाशी एक पोरगं, पण त्याच्या तोंडाच्या जागी नुसता पांढुरका फराटा. तेव्हा फोटो निघेपर्यंत अजिबात हलायचं नाही असं असायचं, जो हलला त्याचं तोंड पुसलं गेलं.

"ह्यो माजा थोरला भाऊ," आजी म्हणाल्या. "मी व्हायच्या आदीच वारला. ह्यो एकच फोटू, आन् त्यात बी हाललाय बग मुडदा. न्हे तू, पर परत आणून दे."

असे एकेक करून फोटो जमले. संध्याकाळी दुकान बंद केलं की मी ते कॉम्प्युटरवर मोठे करून बघत बसायचे. पाट्यांवरची अक्षरं, फळीवरच्या बरण्या, कोणाचा सदरा कोपरावर फाटलाय, कोण कोणाचा हात धरून उभं आहे. हळूहळू सगळी तोंडपाठ झाली. जेवतानाही समोर स्क्रीन चालू ठेवायला लागले. एकदा टोपीवाल्यांना मी चक्क 'जेवलात का?' असं विचारलं. हसा खुशाल.

मांडणीवरून वाद झाला. अध्यक्षांचं म्हणणं, वर्षाप्रमाणे लावा. मी म्हटलं, "गिऱ्हाईक काय वर्ष बघून दुकान शोधतंय? रस्त्यानं येतंय की." शेवटी माझंच चाललं. हॉलच्या दारातून शिरलं की पापाची तिकटी. रस्त्याच्या डावीकडची दुकानं डाव्या भिंतीला, उजवीकडची उजव्या भिंतीला, समोरासमोर, जशी होती तशी. हॉलचं पार टोक म्हणजे गंगावेश. आमचं दुकान डाव्या रांगेत शेवटचं. प्रिंट चांगले माणसाच्या उंचीचे काढले, म्हणजे मधून चालताना रस्त्यातून चालल्यासारखं वाटावं. मला फार कौतुक वाटलं स्वतःचं. त्या रस्त्यानं नदीकडे कोण जातं, हे मला कळायला लागल्यापासून माहीत आहे. पण मांडताना डोक्यात म्हणून आलं नाही. माझ्याच काय, कोणाच्याच आलं नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवसाची ही गोष्ट. प्रत्येक जुन्या दुकानाच्या वर त्याच्या नंतरच्या मालकाचा एक फोटो लावायचा होता. सगळ्यांचे लागले, आबांचाच राहिला. मीच टाळत होते. धड फोटोच नव्हता त्यांचा, एका लग्नातल्या ग्रुपमधून कापून मोठा करून घ्यावा लागला. दुपारी फ्रेमवाल्याकडून तो घेतला आणि तालमीत गेले. खाली दोघंतिघं पैलवान आखाड्यातली माती खालीवर करत होते. मी वर गेले.

हॉलमध्ये बाळूकाका एकटेच. पार टोकाला, स्टुलावर चढून आबांच्या फ्रेमसाठी खिळा ठोकत होते, माझ्याकडे पाठ करून. खिडक्या उघड्या, बाहेर लख्ख ऊन, शिवाय ट्यूबलाइट चालू. हे मुद्दाम सांगतेय, अंधारबिंधार काही नव्हता. फ्रेम काचेची, जड. दोन्ही हातांनी छातीशी धरली, आबांचं तोंड पुढं. आणि मी दोन्ही बाजूंच्या दुकानांमधून चालायला लागले.

निम्म्या वाटेपर्यंत काहीच नाही. मग ठोकण्याचा आवाज थांबला. बाळूकाकांनी वळून बघितलं. माझ्याकडे नाही... माझ्या आजूबाजूला, माझ्या मागं. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता स्टुलावरून पडतात. पण ते सावकाश उतरले. हातोडी खाली ठेवली. डोक्यावरची टोपी काढली, काखेत धरली आणि हात जोडले.

मला राग आला. खरंच आला. तेव्हा कोणी हात जोडायला नव्हतं आणि आता फोटोपुढं कशाला हे? 'काका, फ्रेम जड हाय, धरा जरा' असं फटकन म्हणणार होते... तेवढ्यात उजवीकडे नजर गेली.

स्टोव्हवाल्यांच्या दुकानाच्या निम्म्या फळ्या लावलेल्या होत्या.

तो प्रिंट सकाळी मी माझ्या हातानं भिंतीला लावला होता. पूर्ण उघडं दुकान, दारात ओळीनं टांगलेले स्टोव्ह. आता अर्धं दुकान फळ्यांनी झाकलेलं. मालक कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. हात जोडून रस्त्याकडे बघत होते, म्हणजे मी जिथून चालले होते तिकडे. आणि त्यांच्या पायाशी ते पोरगं... त्याला तोंड होतं. ते हललेलं नव्हतं. नीट उभं राहून हात जोडून बघत होतं. डाव्या भुवईवर भाजल्याचा वाकडा व्रण, पुढचा एक दात पडलेला.

डावीकडे टोपीवाले. चहूबाजूंनी टोप्याच टोप्या, आणि दुकानातली सगळी माणसं बोडक्या डोक्यानं उभी. पुढं चहाचं हॉटेल. त्या आगाऊ गृहस्थानं कपबशी पायरीवर ठेवली होती. ज्या दुकानांना शटरं होती त्यांची ती अर्ध्यावर. एकूण एक दुकान. काही हलत नव्हतं. ते फोटोच होते, काळेपांढरे, कागदावरचे. थंड वारा सुटला नाही, कसला वास आला नाही, टाळ वाजले नाहीत. माझ्या चपलांचा आवाज तेवढा येत होता.

पाय का थांबले नाहीत, ते सांगता येत नाही. पळून जावं असंही वाटलं नाही. आबांना घेऊन शेवटपर्यंत जायचंय, एवढंच कळत होतं. फ्रेम घामानं हातातून निसटेल म्हणून घट्ट धरली आणि चालत राहिले.

शेवटी आमचं दुकान आलं. आजोबांनी निम्म्या फळ्या लावल्या होत्या. ट्रंकांचा मनोरा होता तसाच होता. सगळ्यात वरच्या ट्रंकेवर कोणी नव्हतं.

आणि आजोबा... बाकी सगळे हात जोडून होते, आजोबांनी हात जोडलेले नव्हते. पोटच्या पोराला हात कोण जोडतं? एका हातानं त्यांनी दाराचा खांब धरला होता आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं तोंड दाबलं होतं. फोटोत ते तिशीतले आहेत, माझ्याहून कितीतरी लहान. मुलगा गेलेल्या बापाकडे बघवत नाही हो. मी खाली वाकले आणि फ्रेम भिंतीला टेकवली.

मान वर केली तर आजोबा पाटीपुढं ऐटीत उभे. आबा ट्रंकेवर, तोंड वाकडं. मागं वळले. सगळी दुकानं सताड उघडी, टोपीवाल्यांच्या डोक्यावर ती उंच टोपी.

बाळूकाकांची टोपी अजून काखेतच होती.

"काका... तुम्ही बघितलंसा?"

"बघितलं की."

"काय बघितलंसा?"

टोपी डोक्यावर घालत ते म्हणाले, "आबा गेलं बघ नीट. सगळा रस्ता थांबलाता."

त्यानंतर या विषयावर त्यांनी तोंड उघडलेलं नाही. प्रदर्शन छान झालं. लोकांनी आजोबा-पणजोबांबरोबर सेल्फी काढल्या, कोणाला काही वेगळं दिसलं नाही. मी मूळ फोटो तपासले, स्कॅन तपासले, सगळं जसंच्या तसं. दुसऱ्या दिवशी लोक यायच्या आधी आबांची फ्रेम खिळ्यावरून काढून पुन्हा दारापासून चालायला लागले होते, बघूया म्हटलं. काही झालं नाही. बाळूकाकांनी मात्र जिन्यातून बघितलं आणि ओरडले, "खुळी का काय तू? कितींदा न्हेतीस त्यास्नी?"

तुम्ही म्हणाल ऊन, काच, मनावरचा ताण. मीही तेच म्हणाले असते. पण दोघांच्या डोळ्यांवर एकदम ताण कसा येईल? आणि कोडोलीचं काय करू? फोटो परत द्यायला गेले तेव्हा आजींना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या भावाच्या भुवईवर काय लागलं होतं का हो?"

आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. "स्टो भडकून भाजलंतं. आई सांगायची. तुला कुणी सांगितलं गं?"

"फोटोत दिसलं," मी म्हटलं. खोटं नव्हतंच ते.

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उजेडाला धरला. "मला तर काय दिसंना बाई." मग मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा भाऊ कसा दिसत होता ते सांगितलं. कान, केस, पडलेला दात, सगळं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं.

म्हणजे काय झालं होतं? मला माहीत नाही. मी अजूनही कशावर विश्वास ठेवत नाही, आणि तरी जे बघितलं ते बघितलं. कोणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर कळवा, फक्त बीपीचं सोडून.

त्या दुपारची एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. हॉलला कुलूप लावून आम्ही खाली उतरलो. मी तरातरा दुकानाकडे निघाले होते, तर बाळूकाकांनी तालमीच्या दारातच अडवलं.

"आशीच दुकानात शिरू नगंस. पाय धू आदी."

नदीवरून आलेल्या माणसानं पाय धुतल्याशिवाय घरात जायचं नाही, हे मला माहीत होतं. पण आमच्यात बायका तिकडं जात नाहीत, त्यामुळे हे मला जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. काकांनीच नळाखाली बादली भरली. खाली वाकले, गुडघे कुरकुरत, आणि तांब्यानं माझ्या पायांवर पाणी घातलं. आधी उजव्या, मग डाव्या. पाणी गार होतं. आणि मला एकदम हुंदका आला. तिथंच नळापाशी ओल्या फरशीवर बसले आणि लाज सोडून, मोठमोठ्यानं, लहान पोरीसारखी रडले. आबा, आबा म्हणत.

आखाड्यातले पैलवान काम टाकून दारात येऊन उभे राहिले. ही बॅगवाली बाई भर दुपारी का रडतेय ते त्यांना कळेना.

बाळूकाका त्यांच्यावर खेकसले, "बघतायसा काय रं? बा गेलाय तिचा."